स्तनाचा कर्करोग आणि रक्ताची साक्ष

गेल्या कार्तिकांतली गोष्ट. सायंकाळीं आम्ही ओटीवर येऊन बसतों न बसतों तोंच आमचे चिरंजीव हातांत भ्रमणध्वनि घेऊन समोर उभे राहिले व म्हणाले, "अण्णा, हें जरा वाचून पाहा." कोणा एका प्रयोगशाळेची ती जाहिरात होती. एका लहान नळीभर रक्तावरून शरीरांत कर्करोगाच्या पेशी फिरत आहेत कीं नाहींत हें सांगूं, व रोग उलटण्याचें भय आधींच ओळखून देऊं, असा तींत मजकूर होता. पुष्कळांस हें वृत्त केवळ कुतूहलाचें वाटेल. परंतु आमच्या घरांत त्याचा अर्थ निराळा होता. तीन वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईंच्या स्तनांत गांठ निघाली. सुदैवानें रोग प्रथमावस्थेंतच हातीं लागला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि पुढें कांहीं वर्षें रोज एक गोळी घेण्याचें वैद्यांनीं सांगितलें. तेव्हांपासून घर पूर्वीसारखें चाललें आहे असें आम्ही सारे म्हणतों. पण तिला साधी पाठदुखी झाली तरी घरांतील बोलणें क्षणभर थांबतें.

चिरंजिवांचें मत पडलें कीं, परीक्षा उद्यांच करावी. आमच्या कुटुंबाचें म्हणणें नेमकें उलट. "निजलेल्या सापाला कशाला डिवचायचें?" असें तिनें स्पष्टच विचारलें. दोघांत बराच वाद झाला. जिच्या शरीराचा हा प्रश्न ती मात्र आंत पोळ्या लाटीत होती, व तिला कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. ही गोष्ट त्या वेळीं आमच्याहि ध्यानांत आली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. शेवटीं "विषय समजून घेतल्यावांचून निर्णय नको" असा शिक्षकी निवाडा देऊन आम्हीं तो वाद तहकूब केला, आणि पुढील दोन महिने मिळेल तें वाचीत बसलों. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी रोगनिदानशास्त्रांत पारंगत झालेला आहे. जेथें अडलें तेथें त्यानें न कंटाळतां समजावून सांगितलें. एके काळीं आम्हीं त्यास धातुरूपें समजावलीं होतीं, त्याची फेड झाली म्हणावयाची.

या खटाटोपास आणखी एक कारण होतें, तें आम्हीं घरांत बोलून दाखविलें नाहीं. आमची थोरली बहीण आक्का १९८४ सालीं याच रोगानें गेली. गांठ तिच्या हातास दीड वर्ष लागत होती. परंतु परपुरुष वैद्यास दाखवावयाची कशी, या संकोचानें तिनें ती पदराआड ठेविली. आम्हांस कळलें तेव्हां काखेंतहि गांठी आल्या होत्या. त्या काळीं रक्ताच्या कोणत्याहि सूक्ष्म परीक्षेचा अभाव तिला भोंवला नाहीं; भोंवलें तें मौन. असो.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या रोगास अर्बुद म्हटलें आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत पूर्वीच्या अर्बुदावर नवें उत्पन्न झाल्यास त्यास अध्यर्बुद व एकाच वेळीं किंवा क्रमानें दोन झाल्यास द्विरर्बुद अशा संज्ञा आहेत, व हें दुसरें असाध्य मानिलें आहे. चिकित्सास्थानांत तर तो अधिक मार्मिक गोष्ट सांगतो. अर्बुद काढतांना दोषाचा अंश मागें राहूं दिला तर तें लौकरच पुन्हा उद्भवतें, व राहिलेला अंश शिल्लक विस्तवाप्रमाणें रोग्यास मारतो, असा त्याचा अभिप्राय आहे. ऋण, अग्नि आणि शत्रु यांचा शेष ठेवूं नये, हें तर आपण मुलांसहि शिकवितों. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधें करणारा धूतपापेश्वराचा कारखाना ज्या पनवेलींत आहे, तेथें सुश्रुताचें नांव घेतलें कीं लोक कौतुकानें मान डोलावितात. परंतु सुश्रुतास रक्तांतील पेशी ठाऊक होत्या असें म्हणण्याचा मोह आम्ही टाळतों. त्याला प्रश्न दिसला होता, एवढेंच. शेष उरला आहे कीं नाहीं हें पाहावें कशानें, याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें.

तें साधन हातीं येण्यास फार काळ लागला. १८६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲशवर्थ नामक वैद्यानें कर्करोगानें मृत्यु पावलेल्या एका मनुष्याचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत गांठींतल्यासारख्याच पेशी त्यास दिसल्या. रोग एका अवयवांतून दुसऱ्यांत कसा पोंचतो याचा मार्ग त्यानें जणूं डोळ्यांनीं पाहिला. पुढें वीस वर्षांनीं, १८८९ त, लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनीं स्तनकर्करोगानें मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवपरीक्षांची टिपणें तपासलीं. रक्त तर सर्व शरीरभर जातें. मग रोग यकृतांत व हाडांतच वारंवार कां रुजतो? त्यांचें उत्तर शेतकऱ्यास तात्काळ पटेल असें होतें: बीं सगळीकडे पडतें, पण उगवतें तें मानवेल त्या जमिनींत. हें सूत्र पुढील सर्व विवेचनाचा कणा आहे. रक्तांत बीं सांपडलें म्हणजे पीक आलेंच असें नव्हे.

आतां ही परीक्षा होते कशी तें पाहूं. सर्वांत परिचित पद्धतींत ७.५ मिलिलिटर रक्त घेतात. स्त्रीच्या एका घनमिलिमीटर रक्तांत सुमारें ४५ लक्ष तांबड्या पेशी धरल्या, तर या नळींत त्या ३ हजार कोटींहून अधिक भरतात. पांढऱ्या पेशीहि कांहीं कोटी असतात. एवढ्या गर्दींतून अर्बुदाची एक पेशी हुडकावयाची! येथें युक्ति अशी केली आहे. स्तनाच्या व आंतड्याच्या अस्तरासारख्या पेशींच्या पृष्ठावर एक विशिष्ट प्रथिन असतें. रक्ताच्या स्वतःच्या पेशींवर तें नसतें. त्या प्रथिनास चिकटणारीं प्रतिद्रव्यें लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून तीं रक्तांत सोडतात, आणि मग लोहचुंबकानें कणांसह त्या पेशी ओढून घेतात. पुढें रंग देऊन खातरी करतात: पेशींत केंद्र असलें पाहिजे, अस्तरपेशीची खूण असली पाहिजे, आणि पांढऱ्या रक्तपेशीची खूण नसली पाहिजे. तिन्ही साक्षी जुळल्या तरच ती अर्बुदपेशी म्हणून मोजतात. या पद्धतींत एक उणीव उघडच आहे. जी पेशी आपल्या अंगावरील खूण टाकून वेष पालटते ती चुंबकाच्या हातून निसटते. आणि भटकणाऱ्या पेशी असें वेषांतर करतात, हें आतां ठाऊक झालें आहे.

२००४ सालीं अमेरिकेंत या पद्धतीस शासकीय मान्यता मिळाली. त्याच वर्षीं ज्यांचा स्तनकर्करोग शरीरांत अन्यत्र पसरलेला होता अशा १७७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळींत पांच किंवा अधिक पेशी असलेल्या स्त्रिया त्याहून कमी पेशी असलेल्यांपेक्षां अल्पकाळ जगल्या, असें तींत दिसलें. पण हा झाला पसरलेला रोग. आमचा प्रश्न प्रथमावस्थेचा होता, आणि तेथें पेशी इतक्या विरळ कीं पांचाच्या ऐवजीं एकीवरच समाधान मानावें लागतें. २०१२ सालच्या अमेरिकन अभ्यासांत अशा ३०२ स्त्रियांपैकीं शेंकडा २४ जणींच्या रक्तांत निदान एक पेशी मिळाली. जर्मनींतील २०१४ सालच्या मोठ्या अभ्यासांत २,०२६ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेनंतर व औषधोपचारापूर्वीं शेंकडा २१.५ जणींत पेशी आढळल्या, व ज्यांच्यांत पांच किंवा अधिक होत्या त्यांची स्थिति पुढें सर्वांत वाईट झाली. २०१६ सालीं निरनिराळ्या अभ्यासांतील ३,१७३ स्त्रियांचा एकत्र हिशेब झाला. पेशी असलेल्यांत मृत्यूचा धोका न असलेल्यांच्या सुमारें दुप्पट निघाला; आणि गांठीचा आकार, काखेंतील ग्रंथि वगैरे नेहमींचीं लक्षणें हिशेबांत धरूनहि हा फरक टिकला. म्हणजे रक्ताची साक्ष खोटी नाहीं.

चिरंजिवांस हा परिच्छेद वाचून दाखविला तेव्हां ते विजयी मुद्रेनें आईकडे पाहूं लागले. आम्हीं त्यांस म्हटलें, "दुप्पट, पण कशाच्या?" गणितांत नापास होणारीं मुलें बहुधा येथेंच चुकतात. समजा, शंभर जणींपैकीं दहा जणींस धोका आहे. दुप्पट झाला तर वीस जणींस. तरीहि ऐंशी जणी सुखरूपच राहतात. साक्ष खरी असली तरी ती समुदायाविषयीं आहे. समोर बसलेल्या एकीविषयीं ती निकाल देत नाहीं. चरकानें रोगांचा साध्यासाध्यविचार सांगतांना सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले, व अरिष्टलक्षणांसाठीं इंद्रियस्थान हें सबंध स्थान खर्चिलें. तो विचार वैद्यानें काय करावें व काय अंगावर घेऊं नये यासाठीं होता. रोग्याच्या घरच्यांनीं रात्रीं जागत बसावें यासाठीं नव्हता.

आणखी दोन अभ्यासांनीं आम्हांस विशेष विचारांत पाडलें. २०१८ सालीं अमेरिकेंत रोगनिदानास सुमारें पांच वर्षें लोटलेल्या, प्रकृति ठीक असलेल्या ५४७ स्त्रियांचें रक्त तपासलें. केवळ २६ जणींत पेशी मिळाल्या. संप्रेरकांवर पोसणाऱ्या जातीचा रोग, म्हणजे आमच्या सूनबाईंचा प्रकार, असलेल्यांत पेशी आढळल्यास रोग उलटण्याचा धोका तेरा पट निघाला. तेरा पट! हा आंकडा पाहून आमचाहि हात क्षणभर थबकला. परंतु त्याच टिपणांत पुढें लिहिलें होतें कीं, या जातीच्या ज्या २३ जणींचा रोग पुढें उलटला, त्यांपैकीं ७ जणींच्याच रक्तांत आधीं पेशी सांपडल्या होत्या. उरलेल्या १६ जणींस परीक्षेनें "निर्धास्त असा" असेंच सांगितलें असतें. उलट २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा शोधांत, शस्त्रक्रियेस ७ ते २२ वर्षें होऊन रोगाचें चिन्हहि नसलेल्या ३६ स्त्रियांपैकीं १३ जणींच्या रक्तांत अशा पेशी फिरतांना दिसल्या. या पेशी रक्तांत बहुधा कांहीं तासच जगतात. तेव्हां त्या कोठून तरी नव्यानें येत असल्या पाहिजेत, आणि तरीहि त्या बायका आपला संसार करीत होत्या. बीं पडत होतें. जमीन त्यास उगवूं देत नव्हती. रोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या पद्धतींतहि, नुसत्या अशा पेशी सांपडल्या म्हणून रोगास चौथ्या अवस्थेंत ढकलीत नाहींत.

आमच्या मनांत साहजिक आलें कीं, हें सगळें परदेशचें, आपल्याकडे काय? येथें मात्र मोठा आनंदाचा धक्का बसला. पनवेलहून आगगाडीनें तिसरें स्थानक खारघर. तेथें, आमच्याच तालुक्यांत, टाटा स्मारक केंद्राची कर्करोगाच्या उपचार-संशोधनाची मोठी संस्था आहे. तिचें मूळ परळास. टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, व १९५२ सालीं डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं कर्करोग-संशोधन-केंद्र निघालें. तेंच पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं खारघरच्या डोंगरापायथ्याशीं आलें. त्या केंद्रांत आयुष्य वेंचलेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या समर्थांच्या कन्या. उंदरांच्या माद्यांतील स्तनकर्करोगावर त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. पेशी शरीराबाहेर कांचपात्रांत वाढविण्याची विद्या या देशांत रुजविणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. आपल्या घरांतील मुलींस नट्यांचीं नांवें मुखोद्गत असतात. हें नांव किती जणींस ठाऊक आहे?

रक्तपरीक्षेच्या बाबतींतहि महाराष्ट्र मागें नाहीं. पुण्याच्या ॲक्टोरियस या संस्थेनें चुंबकी कणांच्याच तत्त्वावर स्वदेशी पद्धति सिद्ध करून तीस शासनाची परवानगी मिळविली आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सनें रक्तावरून आरंभींचाच स्तनकर्करोग ओळखण्याची परीक्षा तयार केली. २०२१ सालीं अमेरिकन औषधनियंत्रकांनीं तीस विशेष शोधाचा दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे, तपासणी लौकर व्हावी म्हणून दिलेली सवलत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु नाशकांतील काम तेथवर पोंचलें हें लहान नव्हे. आतां तर सबंध पेशीऐवजीं अर्बुदानें रक्तांत सोडलेले गुणसूत्रांचे तुकडे शोधण्याकडेहि संशोधकांचा ओढा वाढला आहे.

टाटा केंद्राच्या दोन कामांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं गांठ हाताळली जातां पेशी निसटत असतील, तर त्यांस अगोदरच थोपवितां येईल काय, असा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतला. छेद घेण्यापूर्वीं कांहीं मिनिटें गांठीच्या सभोंवार बधिरतेचें साधें, स्वस्त औषध टोंचावयाचें, एवढाच उपाय. भारतांतील ११ ठिकाणच्या १,६०० स्त्रियांवर तो करून पाहिला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें पांच वर्षांनीं जिवंत असलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८६.४ वरून ९०.१ वर गेलें. दुसरें काम त्याहून साधें. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे गट पाडून, एका गटांतील स्त्रियांचे स्तन शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं तपासले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ सालीं निघाला. तपासलेल्यांत रोग आधींच्या अवस्थेंत सांपडत गेला, व पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळ जवळ शेंकडा ३० नीं घटले. यंत्र नाहीं, रक्त नाहीं, बायकांचे हात. आम्हांस आक्काची आठवण कां झाली, हें सांगावयास नको.

तरीहि घरचा प्रश्न शिल्लकच होता. शेवटीं पौषांत नेहमींच्या तपासणीच्या दिवशीं आम्ही, चिरंजीव व सूनबाई असे तिघेहि तिच्या वैद्यांकडे गेलों. चिरंजिवांनीं जाहिरात पुढें केली. त्या जाहिरातदारांच्या माणसानें तोंपर्यंत त्यांस तीन वेळां दूरध्वनि करून "विलंब लावूं नका" म्हणून भिवविलेंहि होतें. वैद्यांनीं ती शांतपणें वाचली व विचारलें, "समजा, एक पेशी सांपडली. तर उद्यां सकाळीं आपण काय निराळें करणार?" चिरंजीव म्हणाले, "औषध बदलूं." त्यावर त्यांनीं सांगितलें तें असें. पसरलेल्या रोगांतहि, एका फेरीनंतर पेशी कमी न झाल्यास औषध लगेच बदलून पाहिलें होतें. २०१४ सालीं निष्कर्ष आले तेव्हां तसें केल्यानें आयुष्य वाढलें नाहीं असें ठरलें. प्रथमावस्थेंत तर अशा पेशी सांपडल्यास अमुक उपाय करावा असें अजून सिद्ध झालेलें नाहीं, म्हणून उपचारानंतरच्या नेहमींच्या तपासणींत ही परीक्षा सांगत नाहींत. वैद्यांनीं अंग तपासणें, विचारपूस, वर्षाकांठीं मॅमोग्राफी, एवढेंच. इटलींत १९९४ सालीं दोन मोठ्या अभ्यासांनीं दाखविलें कीं, लक्षण नसतां वारंवार नाना तपासण्या केल्यानें जीव अधिक वांचत नाहींत. "ही विद्या पुढें जाणार आहे," ते म्हणाले, "प्रयोग चालू आहेत, आणि एखाद्या रीतसर संशोधनांत भाग घेण्याचा योग आला तर मी स्वतः सुचवीन. पण तोंवर या कागदानें तुम्हांला झोंप येणार नाहीं, आणि तो कोरा आला तरी मी तुम्हांला निर्धास्त करूं शकणार नाहीं."

मग त्यांनीं सूनबाईंकडे वळून सहज विचारलें, "गोळी रोज घेतां ना?"

ती कांहीं बोलली नाहीं. तिनें खालीं पाहिलें. वैद्यांनीं आम्हां दोघांस बाहेर बसावयास सांगितलें. पाव तास आम्ही बांकावर भिंतीकडे पाहत बसलों. नंतर आंत बोलावलें तेव्हां तिनेंच सांगितलें कीं, गेल्या दिवाळीपासून ती आठवड्यांतून दोन-तीन दिवस गोळी टाळीत होती. अंगांतून वाफा निघतात, रात्रीं घामानें पातळ भिजतें, झोंप लागत नाहीं. आणि ह्या गोष्टी सासूसासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोरहि, कोणत्या तोंडानें बोलाव्यात? टॅमॉक्सिफेन नांवाची ही गोळी पांच वर्षें घेतल्यास या जातीच्या रोगांत मृत्यूचें प्रमाण पंधरा वर्षांपर्यंत सुमारें एकतृतीयांशानें घटतें, हें जगांतील अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून २०११ सालींच प्रसिद्ध झालें आहे. रक्तांत शेष आहे कीं नाहीं यावर आम्ही दोन महिने घरांत शास्त्रार्थ करीत होतों, आणि शेषाचा बंदोबस्त करणारी पुडी स्वयंपाकघराच्या फळीवर अर्धी भरलेली पडून होती.

वैद्यांनीं त्रासावर उपाय सांगितले, गोळीची वेळ बदलून दिली, व महिन्यानें एकटीनेंच येण्यास सांगितलें. परततांना आगगाडींत खारघर मागें पडल्यावर ती म्हणाली, "अण्णा, ती रक्ताची परीक्षा मला आत्तां नको. पुढें करावीशी वाटली तर मीच सांगेन." चिरंजिवांनीं कांहीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें, आणि मिटलें. आमच्या कुटुंबास घरीं आल्यावर सारें सांगितलें, तेव्हां ती बराच वेळ गप्प बसली, व मग उठून सुनेच्या खोलींतला पंखा स्वतः पाहून आली. तो कुरकुरत होता, दुसऱ्या दिवशीं नवा बसविला.

आतां गोळीची डबी देवघराशेजारच्या कोनाड्यांत, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी असते. सूनबाई रोज रात्रीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या त्या तिथीखालीं पेन्सिलीनें बारीक रेघ ओढते. माघाचें पान आम्हीं काल पाहिलें. दोन चौकटी कोऱ्या आहेत. आम्हीं तिला कांहीं विचारलें नाहीं.